दोन दिवस उपाशी ठेवा म्हणे

गेल्या सोमवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, आमच्या घरच्या ग्रुपवर थोरल्या चुलतभावानं एक फोटो टाकला. कोल्हापुरातल्या कुठल्याशा कॉलेजात आहारविकारांवर व्याख्यान होतं, त्याचा फलक. खाली दादानं लिहिलेलं: “पांढऱ्या रश्श्याच्या गावात पोरी जेवत नाहीत म्हणे! दोन दिवस उपाशी ठेवा, तिसऱ्या दिवशी पातेलं चाटून पुसून ठेवतील.” त्यावर अकरा अंगठे. एका मावशीनं “श्रीमंतांची थेरं” असं लिहून हात जोडले. हात कशाला जोडले ते देव जाणे.

इथे इंग्लंडात, लीड्समध्ये, तेव्हा मध्यरात्र उलटून गेली होती. कचऱ्याचा हिरवा डबा बाहेर ठेवायचा राहिला म्हणून उठले आणि थंडीत दारातच उभी राहून उत्तर लिहायला लागले. लिहिलं, पुसलं, परत लिहिलं. मग झोपले. कारण मी काही बोलले की ठरलेलं उत्तर येतं: “ताई, तुमचं तिकडचं तिकडं.” एकोणीस वर्षं झाली, वाक्यातला काना-मात्रा बदललेला नाही.

तर तिकडचं-इकडचं. लंडनचे विल्यम गल आणि पॅरिसचे लासेग या दोन डॉक्टरांनी न जेवणाऱ्या मुलींचा हा आजार, ॲनोरेक्सिया, 1873 साली जगापुढे मांडला. इन्स्टाग्राम सोडा, आपल्या शाहू महाराजांचा जन्मसुद्धा व्हायचा होता. आणि हा फक्त गोऱ्यांचा, बारीक दिसण्याच्या हौसेचा आजार म्हणावं, तर हाँगकाँगमध्ये डॉ. सिंग ली यांना अशा रुग्ण मुली भेटल्या, ज्यांना जाड होण्याची भीतीच नव्हती. पोट गच्च वाटतं, घास उतरत नाही, एवढंच त्या सांगायच्या. आमच्याकडे हे वाक्य ऐकलं की ओवा देतात.

दादाच्या उपाशी ठेवण्याच्या उपायाचा तर रीतसर प्रयोगच झालेला आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, 1944-45 मध्ये, अमेरिकेत मिनेसोटाला 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं. स्वतःहून आलेले, तालमीतल्या पोरांसारखे ठणठणीत गडी. ते पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले, एकेक जेवण तासभर चघळत बसायला लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पोटभर जेवण परत सुरू झाल्यावरही काही जणांचं खाण्याचं तंत्र बरेच दिवस ताळ्यावर आलं नाही. म्हणजे उपासमारीनं डोकं सुटत नाही, अजून अडकतं. ज्या मुलीचं आधीच अडकलंय तिला आणखी दोन दिवस उपाशी ठेवायचं, हा सल्ला देणाऱ्याला अकरा अंगठे.

मी इथे जीपीच्या, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात रिसेप्शनवर बसते. डॉक्टर नाही, पण आठ वाजता लाइन उघडली की सगळं गाव माझ्या कानातून जातं. आहारविकार म्हणजे हाडाची काडी झालेली मुलगीच असते, हा माझाही समज इथेच गेला. वजन चारचौघांसारखं, हसतमुख, नोकरीवाली माणसं असतात. बकाबका खाऊन नंतर उलट्या काढतात आणि त्यातून रक्तातलं पोटॅशियम उतरलं तर हृदयाचे ठोके चुकतात. पुरुष असतात. पन्नाशीच्या बायका असतात. “अजून तेवढी बारीक नाही” म्हणून कुणाला परत पाठवू नये, नुसत्या बीएमआयवर, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाच्या आकड्यावर, उपचार ठरवू नयेत, असं इथल्या मार्गदर्शक सूचनांमध्ये 2017 पासून छापलेलं आहे.

छापलेलं आहे. दादाला हे सांगितलं असतं तर पुढचंही सांगावं लागलं असतं. मुलांचे उपचार सुरू व्हायला तातडीचं असेल तर आठवड्याची, नाहीतर चार आठवड्यांची मुदत ठरलेली आहे. मोठ्यांना मात्र वाट पाहा म्हणून सांगणारी मीच असते. आणि एप्रिल 2022 पासून इंग्लंडमधल्या मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूवर प्रत्येक पदार्थापुढे कॅलरी लिहायचा कायदा आहे. लठ्ठपणा कमी व्हावा म्हणून. या आजारातून कसंबसं उठलेल्या माणसानं तो मेन्यू हातात घेऊन काय करायचं? निदान आमच्याकडे मिसळीच्या पाटीवर फक्त किंमत असते.

आता जे ग्रुपवर लिहू शकले नाही ते. दादाचा तो मेसेज वाचणाऱ्यांत माझी भाचीही होती. भावाची मुलगी, एकोणीस वर्षांची. दीड वर्ष ती याच आजाराशी झगडतेय. (तिला विचारूनच लिहितेय. “लिही आत्या, नाव नको” म्हणाली.) कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? तर तिनं सुरुवात संकष्टीनं केली. मग सोमवार धरला, मग गुरुवार, मग नवरात्रात नऊच्या नऊ दिवस. आमच्या घरात अंबाबाईचे उपवास सगळ्याच बायका धरतात, त्यामुळे पोरीचं कौतुकच झालं. आम्ही शाबूवर ताव मारायचो, ती नुसतं ताक प्यायची. संकष्टीचा उपवास चंद्र दिसला की सुटतो. हिचा सुटेना.

कोल्हापुरातल्याच एका डॉक्टरबाईंनी ओळखलं. आणि उपचार काय, तर वहिनीनं रोज ताटासमोर बसायचं. आईबापांना दोष द्यायचा नाही, भांडायचं नाही, आमिष दाखवायचं नाही. पण सुरुवातीचे काही महिने ताटात काय पडणार ते पोरीनं नाही, त्यांनी ठरवायचं. मध्ये मध्ये तपासणी. ही पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयात बसवली गेली. मी वहिनीला फोनवर हे जरा तोऱ्यातच सांगितलं. ती म्हणाली, “वन्सं, म्हणजे खा गं बाई म्हणून समोर बसायचं, हेच ना?” हेच. फक्त चिडायचं नाही, आणि तेच सगळ्यात अवघड.

आणि मी? त्या आधीच्या दिवाळीत तिनं साडीतला फोटो पाठवला, त्यावर मी लिहिलं होतं: “केवढी छान बारीक झालीस गं! मलाही सांग काय करतेस ते.” पुढे तीन लाल बदाम. हा मेसेज तिनं स्टार करून ठेवला होता. जेवावंसं वाटलं की उघडून वाचायची. दादाला उत्तर न देण्याचं खरं कारण हे. त्याचा मेसेज वाचून ती हसली म्हणे.

मे महिन्यात मी जातेय. वहिनीनं आधीच बजावलंय, “वन्सं, दारात आल्या आल्या जाड-बारीक काही बोलायचं नाही. घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.” बरोबरच आहे. पण बसमध्ये बसून मी बघत होते की दुसरं काय बोलता येईल, आणि काही सुचेना. एकोणीस वर्षं मंगळवार पेठेतल्या त्या दारात मला हेच ऐकायची सवय आहे: “वाळलीस गं! तिकडं काय खायला मिळत नाही काय?” वाळलेली नसते मी. उलट भरच पडलेली असते. पण ते कानावर पडलं की बॅग खाली ठेवते.

सगळ्यांना सांगितलंय म्हणजे मलाही कुणी म्हणणार नाही का, असं वहिनीला विचारायचं होतं. विचारलं नाही.