शेवटच्या दिवशीचा डाइव्ह का रद्द केला: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आज सकाळी आमच्या बोटीवर काम करणाऱ्या मुलांना समोर बसवून पुन्हा मोठ्याने वाचला. तुमचं म्हणणं असं, की मिस्टरांना साध्या सर्दीवरून खाली नेलं नाही, तिसऱ्या दिवशी दुपारी ऐन वेळी तुमचा आणि मुलीचा स्कूबा डाइव्ह (पाठीवरच्या टँकमधली हवा घेत पाण्याखाली जाणं) रद्द केला, गाइड तुमच्या मुलावर वस्सकन ओरडला, आणि फोटोत दाखवलेले रंग पाण्यात कुठेच नव्हते.

तिसऱ्या दिवसापासून सुरुवात करतो, कारण तिथे चूक माझी स्वतःची आहे. तुमचं विमान चौथ्या दिवशी पहाटे सहाचं. डाइव्ह उरकून बोटीवर येईपर्यंत दुपारचे तीन वाजले असते, म्हणजे मधे १५ तास. तुम्ही लिहिलंय की १२ तास पुरतात. ते एकाच डाइव्हला. तुम्ही दोघी आदल्या दिवशीही खाली जाऊन आला होता, आणि असे सलग दिवस डाइव्ह झाले असतील तर विमानात बसण्याआधी किमान १८ तास जाऊ द्यावेत, अशी डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हिंगच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या संस्थेची शिफारस आहे. खाली दाबाखालची हवा श्वासात घेताना जास्तीचा नायट्रोजन अंगात विरघळतो, आणि वर आल्यावर तो श्वासावाटे सावकाश बाहेर पडतो. विमानात केबिनमधला दाब जमिनीपेक्षा कमी असतो, उंच डोंगरावर असतो तसा. अंगात उरलेल्या नायट्रोजनचे तिथे बुडबुडे होऊ शकतात. सांधे दुखण्यापासून पाय लुळे पडण्यापर्यंत त्याचा त्रास जाऊ शकतो. तीन तासांसाठी मी हा धोका तुमच्या मुलीच्या बाबतीत पत्करणार नाही, आजही नाही.

पण बुकिंग घेताना तुमच्या परतीच्या विमानाची वेळ माझ्यासमोर लिहिलेली होती. ती बघून दोन्ही डाइव्ह पहिल्या दोन दिवसांत लावायचे आणि शेवटचा दिवस स्नॉर्केलिंगला ठेवायचा, इतकं सोपं होतं. स्नॉर्केलिंग करताना आपण पाण्यावर तरंगत नळीतून वरचीच हवा घेतो, त्यामुळे नंतर विमानाची अडचण येत नाही. मी नेमका उलटा क्रम लावला. तुम्ही टँक लावायला उभ्या राहिलात तेव्हा इन्स्ट्रक्टरने हिशेब केला आणि तुमचा विरस झाला. त्या डाइव्हचे पूर्ण पैसे आज परत पाठवले आहेत, तुमच्या दोघींचेही.

मिस्टरांच्या बाबतीत मात्र मी इन्स्ट्रक्टरच्या बाजूने आहे. जेट्टीच्या पायरीवर त्याने त्यांना नाक दाबून आवंढा गिळायला सांगितला. उजवा कान मोकळा झाला, डावा झाला नाही. तीनदा करून पाहिलं. १० मीटर खाली दाब दुप्पट होतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा निम्म्या जागेत आवळली जाते. सर्दीने नाकामागून कानाकडे जाणारी आतली नळी सुजलेली असेल तर तिथे नवी हवा पोचत नाही आणि पडदा आत ओढला जातो, कधी फाटतोही. गोळी घेऊन नाक मोकळं केलंय असं ते म्हणाले. पण खाली असताना गोळीचा असर उतरला तर वर येताना हवा कानात अडकते, आणि वर तर यावंच लागतं. तरीही एक मान्य करतो. तब्येतीचा फॉर्म आम्ही बोटीजवळ हातात दिला. त्यात एका जरी प्रश्नाला ‘हो’ आलं तरी बरेचदा डॉक्टरांची सही लागते, आणि जेट्टीवर डॉक्टर कुठून आणणार? तो फॉर्म आता बुकिंगबरोबरच जाईल, सर्दीबद्दलची सूचनाही त्यातच असेल.

मुलाबद्दल वाचून सगळ्यात वाईट वाटलं. तो कोरलवर (प्रवाळावर) उभा राहिला कारण त्याच्या मास्कमध्ये पाणी शिरलं होतं. पाणी शिरलं की मोठी माणसंही पाय टेकायला जागा शोधतात. आधी उथळ पाण्यात, वाळूवर, मास्क रिकामा करायचा सराव द्यायचा असतो. त्या दिवशी बोट उशिरा निघाली म्हणून गाइडने तो गाळला. मग ओरडायचा हक्क त्याला उरत नाही, हे मी त्याला सांगितलंय. त्याची कळकळ मला कळते. ज्या गोल दगडासारख्या कोरलवर मुलाचे फिन्स (पायात घालायचे पोहण्याचे पंखे) घासले, तसं कोरल वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतं, आणि तो गाइड तिथे रोज उतरतो. पण दहा वर्षांच्या मुलाला हे पाण्यात उतरण्याआधी शांतपणे सांगायला हवं होतं.

रंगांचं म्हणाल तर पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरमध्येच शोषून घेतं, त्यामुळे खाली सगळं निळसर-हिरवट दिसतं. आमचे फोटो लाइट लावून काढलेले आहेत. तसं त्यांच्याखाली लिहिलेलं नव्हतं, आता लिहिलंय, आणि बिनलाइटचे फोटोही टाकतोय. तुम्ही ‘तपकिरी, मेलेलं कोरल’ म्हणालात, ते जिवंत आहे. कोरलच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं, त्याला अन्न पुरवतं, आणि तो तपकिरी रंग त्या शैवालाचा. पाणी फार तापलं की कोरल हे शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं, त्यालाच ब्लीचिंग म्हणतात. एप्रिल २०२४ मध्ये जगभरातलं चौथं मोठं ब्लीचिंग जाहीर झालं. तेव्हापासून आम्हाला तपकिरी कोरल दिसलं की हायसं वाटतं.

कोरलला जपण्यासाठी सनस्क्रीनऐवजी पूर्ण बाह्यांचे टीशर्ट आणायला आधीच सांगायचं राहिलं, तेही आमच्याकडूनच.

पुन्हा यायचं ठरलं तर आधी विमानाची वेळ कळवा, दिवसांचा क्रम मी स्वतः लावेन. आणि मुलाला सांगा, पहिला अर्धा तास फक्त मास्कचा सराव, वाळूवर, मी बरोबर असेन.