एकवीस दिवसांचा ग्लास

आमच्या गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच मेसेज चौथ्यांदा आलाय. सार असं: रात्री चमचाभर मेथी भिजत घाला, सकाळी गाळलेल्या पाण्यात दालचिनी आणि जांभळाच्या बियांची पूड घालून प्या, एकवीस दिवसांत इन्सुलिन रेझिस्टन्स मुळासकट जातो, परदेशी संशोधनात सिद्ध झालंय. व्यायामाची गरज नाही. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी केमिकल आहे, किडनी खाते, बंद करा. शेजारच्या अक्कांनी तो वाचून गोळ्यांची स्ट्रिप फ्रिजवर टाकून दिली, म्हणून हे लिहायला बसलो.

'व्यायामाची गरज नाही' हे सगळ्यात घातक. इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणजे स्वादुपिंड साखर आवरणारं इन्सुलिन सोडतंय, पण स्नायू आणि यकृत त्याला दाद देत नाहीत. जेवणानंतर रक्तातली साखर उचलणारं मोठं गिऱ्हाईक म्हणजे स्नायू. साखर आत ओढणारं ग्लुट-४ नावाचं प्रथिन एरवी इन्सुलिनचा निरोप आला की पेशीच्या दाराशी येतं. स्नायू हलता असेल तर निरोपाशिवायही येतं. चालून आल्यावर एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनचं जास्त ऐकतात, मग ते ओसरतं. म्हणून फक्त रविवारी सिद्धेश्वर तलावाला फेऱ्या मारून आठवडा निघत नाही.

'परदेशी संशोधन' हवंच असेल तर २००२ सालचं अमेरिकेतलं घ्या. मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे ३,२३४ जण. आहार बदलून, वजन उतरवून आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करणाऱ्यांत मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं, मेटफॉर्मिनवाल्यांत ३१. आपल्या चेन्नईत ५३१ जणांवर झालेल्या अभ्यासात (२००६) आकडे लहान निघाले, पण जीवनशैली बदलणाऱ्यांत घट २८.५ टक्के होतीच.

अक्कांचं म्हणणं, "दिवसभर कामच करते की!" खरंय. मांडीवर सूप, त्यात तंबाखू आणि कापलेली पानं, बोटं मशीनसारखी विड्या वळतात. पण मांडीचे मोठे स्नायू तासन्‌तास गप्प असतात. सोलापूरच्या उन्हात दुपारी चाला असं मी कुणाला सांगणार नाही. रात्रीच्या भाकरीनंतर पंधरा मिनिटं बोळात चाललं तरी जेवणानंतरची साखर कमी चढते.

आता मेथी. ती निरुपयोगी नाही. तिच्यातले विरघळणारे तंतू साखर शोषण्याचा वेग कमी करतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या १९९० च्या अभ्यासात साखर उतरली होती, पण त्यात तेल काढलेली मेथीपूड होती, दिवसाला १०० ग्रॅम! चमचाभर मेथी भिजवून, पाणी गाळून बिया फेकल्या तर बरेचसे तंतू बियांबरोबरच जातात. प्यायचंच तर बियाही चावून खा.

दालचिनीवर २००३ साली पाकिस्तानात ६० जणांवर झालेला अभ्यास गाजला. पुढे २०१२ साली कॉक्रेन या वैद्यकीय चाचण्या पारखणाऱ्या संस्थेच्या समीक्षेत दहा चाचण्या एकत्र पाहिल्यावर ठोस पुरावा मिळाला नाही. शिवाय बाजारात स्वस्त मिळते ती बहुतेक कॅसिया जातीची दालचिनी, तिच्यात यकृताला त्रास देऊ शकणारं कुमारीन नावाचं द्रव्य जास्त. रोज चमचा-चमचा महिनोन्‌महिने म्हणजे यकृताशी खेळ. जांभळाच्या बियांचे बरेच प्रयोग उंदरांवरचे आहेत. पुढे काय बोलायचं?

आणि मेटफॉर्मिन 'केमिकल'? गंमत अशी की तिची मूळ कल्पनाच गॅलेगा नावाच्या युरोपातल्या औषधी वनस्पतीतून आली. झां स्टर्न या फ्रेंच डॉक्टरांनी १९५७ साली मधुमेहींवरचा तिचा वापर मांडला. ती किडनी खात नाही. किडनी आधीच कमजोर असेल तर गोळी शरीराबाहेर नीट जात नाही, म्हणून डॉक्टर डोस कमी करतात किंवा बंद करतात. दीर्घकाळ घेतल्यास बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं, तेवढं तपासून घ्यावं. साखर उतरवणाऱ्या दुसऱ्या गोळ्या चालू असतील तर मात्र काढे-चूर्णांची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका, साखर एकदम खाली येऊ शकते.

अक्का डॉक्टरांकडे जाऊन आल्या, स्ट्रिप फ्रिजवरून खाली आली. मेथीचा ग्लास तसाच आहे. काल रात्री नऊला बोळात चपलांचा आवाज आला, तेव्हा सोबत दोघी सूनबाईही होत्या.