सरडा, काढा आणि फुईचं इन्सुलिन

अमळनेरच्या फुईनं, म्हणजे आत्यानं, परवा फोनवर सहज सांगून टाकलं, "मी गोया आनि सुई, दोन्ही बंद करी दिन्यात." कारण काय, तर भाऊबंदांच्या ग्रुपवर आलेला मेसेज. त्यात म्हणे वजन उतरवायचं नवं इंजेक्शन (सेमाग्लुटाइड) म्हणजे सरड्याचं विष, त्यानं चरबी नाही, नुसतं पाणी कमी होतं, सोडलं की वजन परत येतं. म्हणून शुगर असलेल्या जाड माणसांनी इंजेक्शन, गोळ्या, इन्सुलिन सगळंच टाकून कारलं-मेथीचा काढा प्यावा, शुगर मुळापासून जाते.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण जीव जाईल तो त्यानंच. फुईला ते नवं इंजेक्शन कुणी दिलेलंच नाही! ती मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीवर आणि रात्रीच्या इन्सुलिनवर आहे. म्हणजे शिव्या एका औषधाला आणि बंद झालं भलतंच. साखर चढली की लघवी वाढते, अंगातलं पाणी जातं. आपल्याकडे खानदेशात मे महिन्यात पारा 44-45 ला टेकतो, धडधाकट गडी भरदुपारी चक्कर येऊन पडतो. तिथं सत्तरीतल्या बाईनं चढल्या साखरेनिशी काढ्यावर राहायचं? कारलं खा, मेथी खा, कोण अडवतंय! पण ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीसोबत खा, इन्सुलिनच्या जागी नको.

सरड्याचं म्हणाल तर त्यात चिमूटभर तथ्य आहे. गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडलेल्या एका घटकावरून एक्सेनाटाइड हे औषध तयार झालं, अमेरिकेत 2005 साली मंजूरही झालं. पण ज्याची आता चर्चा आहे ते सेमाग्लुटाइड माणसाच्याच आतड्यातल्या जीएलपी-1 या संप्रेरकावर बेतलेलं आहे आणि यीस्टच्या मदतीनं बनतं. त्यात सरडा नाही.

'नुसतं पाणी' म्हणणाऱ्यांनी 2021 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेली स्टेप-2 चाचणी बघावी. 1210 माणसं, सगळी जादा वजनाची आणि टाइप 2 डायबिटीसची. आहार-व्यायामाचा सल्ला सगळ्यांनाच होता. 68 आठवड्यांनी सेमाग्लुटाइडच्या 2.4 मिलिग्रॅम डोसवाल्यांचं वजन सरासरी 9.6 टक्के उतरलं, औषध नसलेली सुई घेणाऱ्यांचं 3.4 टक्के. शंभर किलोच्या माणसाचे साडेनऊ किलो कमी झाले. पाणी असं सव्वा वर्ष उतरत नसतं. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीए1सी, तीही 1.6 नं खाली आली. डायबिटीस नसलेल्यांचं वजन याच औषधानं 15 टक्क्यांच्या आसपास उतरतं, शुगरवाल्यांचं त्याहून कमी. जाहिरात करणारे हे सांगत नाहीत, तो राग वेगळा.

सोडलं की बरंचसं वजन परत येतं, हे खरं आहे. नाइलाजानं मान्य. पण बीपीची गोळी सोडली की बीपीही चढतो, तिला कुणी विष म्हणत नाही.

भीती घालायचीच होती तर खरी घालायची होती. मळमळ, उलट्या, जुलाब अनेकांना होतात. पित्ताचे खडे, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. घरात कुणाला मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झाला असेल तर हे औषध देतच नाहीत. ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना घेतलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून त्यांचा डोस डॉक्टर कमी करतात. यातलं एक अक्षर त्या मेसेजमध्ये नव्हतं.