बाराशे रुपयांचा भोपळा

मी लग्नाने ल्युथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरच्या पंथाचा ख्रिस्ती आहे. जन्म नगरचा, घराणं अमेरिकन मराठी मिशनच्या वळणाचं, लहानपणापासून तोंडात टिळकांचे अभंग. पण बायको केली सोलापूरची तेलुगू. तिच्या माहेरचे मूळ गुंटूरकडचे. तिथे 1842 साली हायर नावाचे पाळक अमेरिकेहून येऊन पोचले आणि पुढे कधीतरी हे घराणं ल्युथरन झालं ते झालंच. सासरेबुवांनी हुंडा वगैरे काही विचारलं नाही. म्हणाले, "ल्यूथरची छोटी प्रश्नोत्तरी तेवढी पाठ करा." ती 1529 सालची. छोटी म्हणणाऱ्याने ती पाठ केलेली नसावी.

नोकरी गोव्यात, कुंडईच्या कारखान्यात, हिशेब खात्यात. बिऱ्हाड फोंड्याला. घरमालकीण आंटी कॅथलिक. आम्ही राहायला आलो त्याच संध्याकाळी तिने चौकशी आरंभली.

"तुमी क्रिस्तांव?"

"हो."

"खंयची इगर्ज?"

"ल्युथरन."

"म्हणल्यार बिलीवर?"

गोव्यात हा शब्द जपून घ्यावा लागतो. बिलीवर म्हणजे गिटार, टाळ्या आणि शेजाऱ्याचा धर्म सुधारायची घाई, अशी इथल्या कॅथलिक घरांमधली समजूत. मी घाईघाईने सांगितलं की आम्ही तसे नाही, आमचं बरंच जुनं आहे.

"पोपाक मानतात?"

"नाही."

"सायबिणीचें रोजार?" म्हणजे मारियामातेची जपमाळ.

"नाही."

"मागीर नाताळ तरी करतात मरे?"

नाताळ करतो म्हटल्यावर तिचा जीव भांड्यात पडला आणि किल्ली माझ्या हातात. उत्साहाच्या भरात मी तिला उभ्या उभ्या जर्मनीही सांगून टाकली. 1517 साल, 31 ऑक्टोबर, विटेनबर्ग, पंच्याण्णव मुद्दे. पोपची माणसं पैसे घेऊन पापांच्या दंडमाफीची पत्रं विकत होती, त्याविरुद्ध आमचा ल्यूथर उभा राहिला. आंटी "हूं, हूं" करत ऐकत होती. मला वाटलं, ती विसरली असेल.

आमची मंडळी बावीस जणांची, त्यातली दोन अंगावर पिणारी. चार घरं झारखंडची, रांचीकडची; एक सिस्टरबाई, म्हणजे नर्स, नागरकोइलच्या; बाकीचे सोलापूर-नगरचे. त्यामुळे उपासना मराठीत, मध्ये मध्ये हिंदी, आणि रागवारागवी ज्याच्या त्याच्या मातृभाषेत. जागा म्हणजे एका दुकानावरचा भाड्याचा हॉल. एरवी तिथे शिकवण्या चालतात. फळ्यावर साइन-कॉस, त्याच्यापुढे क्रूस. पाळकसाहेब महिन्यातून दोनदा बेळगावहून पहाटेच्या बसने चोर्ला घाट उतरून येतात.

मोठ्या चर्चमध्ये माणूस खांबाआड बसून डुलकी काढू शकतो. आमच्या हॉलला खांबच नाही. एका रविवारी मी ताप आला म्हणून गेलो नाही, तर खजिनदार गैरहजर, ढोलकी गैरहजर, शास्त्रवाचन गैरहजर आणि खुर्च्या उचलणारा गैरहजर. चौघांनाही ताप आला होता, कारण चौघेही मीच. दुपारी अर्धी मंडळी घरी येऊन माझ्या कपाळाला हात लावून गेली. विचारपूस होती की तपासणी, ते अजून कळलेलं नाही.

पण या सगळ्याचा कळस नोव्हेंबरात असतो. कापणीचा सण!

कापणीचा सण म्हणजे पहिलं पीक देवापुढे आणायचं, आभार मानायचे आणि उपासना झाली की त्या वस्तूंचा लिलाव करायचा. येणारा पैसा नाताळच्या दानधर्माला. नगरला लोक खरोखरच शेतातून ज्वारीची कणसं घेऊन यायचे. आमच्या बावीस जणांत शेतकरी एकही नाही. सगळे आदल्या दिवशी फलोत्पादन महामंडळाच्या हिरव्या गाड्यावर रांग लावतात, आणि गाड्यावरची भाजी येते बेळगावहून. थोडक्यात, आमचं पीक आणि आमचं प्रवचन, दोन्ही एकाच घाटातून उतरतात.

यंदा टेबलावर होते सात नारळ, कोबीचे गड्डे, मोयऱ्याची केळी, आमसुलांची बरणी, एक डझन पाव आणि मधोमध माझ्या बायकोने आणलेला पाच किलोंचा लाल भोपळा. रांचीच्या एका कुटुंबाने जिवंत गावठी कोंबडा आणला होता. त्याचा एक पाय नायलॉनच्या दोरीने टेबलाच्या पायाला बांधलेला. तो वेदीच्या पांढऱ्या कापडाखालून फक्त डोकं बाहेर काढून प्रत्येकाकडे एकेका डोळ्याने बघत होता. पापनिवेदनाच्या वेळी माझ्याकडे जरा जास्तच वेळ.

सुरुवातीला टिळकांचा अभंग घेतला. ढोलकी मीच. दुसऱ्या कडव्याला खालचे दुकानदार, म्हणजे हॉलचे मालक, वर आले. ते देवळातल्या भजनात झांज वाजवतात. दारात उभे राहून मान डोलावत शेवटपर्यंत ऐकलं आणि मला हळूच विचारलं, "अभंग कोणाचा म्हणायचा?"

"टिळकांचा."

"अरे वा! मंडालेला लिहिला असणार."

ना. वा. टिळक वेगळे, ते नगरला असत, त्यांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, हे सगळं सांगायला हवं होतं. पण माणूस इतका खुशीत होता की मी लोकमान्यांना आणखी एक अभंग बहाल करून टाकला. त्याच खुशीत त्यांनी भाड्यातले दोनशे सोडले. सोडतो म्हणाले, अजून सोडलेले नाहीत.

मग लिलाव. लिलाव पुकारणारे आमचे अण्णा, सोलापूरला मार्केट यार्डात हयात गेलेली. आवाज असा की कुजबुजले तरी फोंड्याच्या बसस्टँडवर ऐकू जावं. बावीस जणांतला लिलाव म्हणजे काय, हे बाहेरच्याला कळायचं नाही. कोणाचा पगार किती, कोणाला बोनस मिळाला, कोणी परवा नवा फ्रीज घेतला, हे सगळ्यांना ठाऊक. पन्नासावर थांबलात की आजूबाजूचे तुमच्याकडे नाही, तुमच्या बायकोकडे बघतात.

भोपळा तीनशेवर अडकला होता. भोपळा आमचाच, त्यामुळे मी निर्धास्त. आपणच आणलेली वस्तू आपणच कशाला घेऊ? तेवढ्यात कानामागे डास चावला. मी हात वर करून खाजवलं.

"बाराशे!" अण्णा गरजले.

"अण्णा, मी नाही बोललो."

"हात वर केलात ना?"

"नाही हो. खाजवत होतो."

"म्हणजे बोली तुमची नाही?"

"नाही!"

आणि कोंबडा आरवला.

एक क्षण हॉल चिडीचूप. मग मागच्या रांगेतून सिस्टरबाईंचं हसू फुटलं आणि सगळी मंडळी कोसळली. पाळकसाहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले. कोंबडा आरवायच्या आत शिष्य पेत्राने येशूला ओळखायचं तीनदा नाकारलं, त्या गोष्टीला जवळजवळ दोन हजार वर्षं झाली. त्या बिचाऱ्याने निदान बाहेर जाऊन मोकळेपणाने रडून घेतलं. मला बाहेरही जाता येईना, कारण खजिनदार मी, पैसे मोजून घ्यायचे होते. मी माझ्या खिशातून बाराशे काढले, माझ्याच हाताने मोजले आणि माझ्या नावाची पावती फाडली.

घेतलेली वस्तू परत दान करायची रीत आहे. मी भोपळा मोठ्या मनाने परत दिला. दुसऱ्या फेरीत सिस्टरबाईंनी तो दोनशेला घेतला आणि सगळ्यांदेखत माझ्या हातात ठेवला. "भावजींना बीपी आहे. भोपळा चांगला." परीक्षेत भोपळा मिळण्याची मला सवय होती; बाराशे मोजून पहिल्यांदाच मिळाला.

एकूण साडेचौदा हजार जमले. ल्यूथरच्या काळात, 1523 साली, लायस्निग गावच्या मंडळीने गोरगरिबांसाठी एक सामाईक पेटी केली होती. तिला चार वेगवेगळी कुलपं, किल्ल्या चार गटांकडे, म्हणजे एकट्यादुकट्याला उघडता येऊ नये. आमची पेटी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्याला कुलूप नाही, पण झाकण इतकं घट्ट की माझ्या बायकोशिवाय कोणाला उघडत नाही. एका अर्थी आम्ही लायस्निगच्या पुढे गेलो.

पैशांचं काय करायचं यावर बैठक झाली. नगरवाले म्हणाले, ब्लँकेट. सोलापूरवाले म्हणाले, ब्लँकेट. रांचीवाले तर म्हणाले, डिसेंबरात ब्लँकेट नाही तर काय? ज्याच्या त्याच्या डोक्यात आपापल्या गावची थंडी. सिस्टरबाई एकट्या म्हणत होत्या, "मच्छरदाण्या." पण मच्छरदाणीत नाताळ दिसत नाही, असं अण्णांनी ठरवलं आणि ठराव एकविरुद्ध सगळे असा मंजूर झाला. सगळ्यांत मीही होतो. खरं तर सभा चालू असताना डोक्यावर पंखा पाचवर फिरत होता.

नाताळाआधीच्या आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी आम्ही पंचवीस ब्लँकेटं घेऊन कुर्टीच्या बाजूला एका बांधकामावर गेलो. बागलकोटकडचे मजूर, पत्र्याच्या खोल्या, दुपारचे साडेतीन. घाम माझ्या कोपरांवरून ब्लँकेटांवर ठिबकत होता. आम्ही एक गीत म्हटलं, अण्णांनी प्रार्थना केली. पहिल्या बाईने ब्लँकेट घेतलं, गालाला लावून बघितलं, मग माझ्या शर्टाकडे बघितलं. तो अंगाला चिकटला होता.

"भैया," ती म्हणाली, "ठंडी किधर है?"

तिने अगदी मनापासून विचारलं होतं. बहुधा तिला वाटलं, आम्हाला ठाऊक असेल. मग तिने कडेवरच्या पोराचे पाय दाखवले. गुडघ्यापर्यंत लाल पुटकुळ्या. "मच्छर का कुछ है?"

सिस्टरबाई काही बोलल्या नाहीत. पर्समधून मलमाची ट्यूब काढून तिथेच बसल्या पोराच्या पायाला लावत. अण्णा आकाशाकडे बघायला लागले. चार दिवसांनी स्कूटरवरून जाताना दिसलं, आमच्या निळ्या ब्लँकेटांचे त्या खोल्यांना पडदे झाले होते. छान दिसत होते. संध्याकाळी मी डबा घेऊन बायकोपुढे बसलो. उरलेले सोळाशे वीस निघाले. त्यात आठ मच्छरदाण्या आल्या. आठवीला वीस कमी पडले, ते सिस्टरबाईंनी घातले आणि पावती मागितली.

चोवीसच्या संध्याकाळी आंटीकडून कुसवाराचं, म्हणजे नाताळच्या फराळाचं ताट आलं. नेवऱ्या, दोदोल, कुलकुल, बेबिंकाचे दोन काप. ताट रिकामं परत पाठवायचं नसतं, हे गोव्यात पहिल्याच वर्षी कळतं. बायकोने माळ्यावरचा भोपळा काढला. सव्वा महिना झाला तरी तो ठणठणीत होता. गूळ घालून खरपूस घारगे तळले आणि मी ताट घेऊन गेलो. आंटी मिडनाइट मासला जायच्या तयारीत, केसांना फणी लावत होती. उभ्या उभ्याच एक घारगा तोंडात टाकला.

"बरें जालां. भोपळो बाजारांतलो?"

"नाही, आमच्या चर्चमधला. लिलावात घेतला."

"कितल्याक?"

"बाराशे."

फणी हातातच राहिली. आंटीने ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि दुसरा घारगा उचलला.

"आनी तो तुमचो लुथर," ती म्हणाली, "पयशांवयल्यान झगडिल्लो न्ही?"