बल्बची गॅरंटी

गेल्या रविवारी सकाळी, आमच्याच सोसायटीच्या पार्किंगमध्ये, मला वीस रुपये बक्षिशी मिळाली. मी या सोसायटीत नऊ वर्षं राहतोय. त्यातली दोन वर्षं खजिनदार होतो. ती नोट अजून पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात आहे. खर्चही करवत नाही आणि फेकवतही नाही.

झालं होतं इतकंच, की गाडीचा डावा हेडलाइट गेला. सर्व्हिस सेंटरमधल्या टायवाल्या मुलाने टॅबवर बोट फिरवून "सर, पूर्ण असेंब्लीच चेंज करावी लागेल" म्हणत जो आकडा सांगितला, तेवढ्यात माझी पहिली स्कूटर आली होती. (सेकंडहँड होती, पण पळायची.) मी तडक नाना पेठ गाठली आणि एच-फोर बल्ब, ६०/५५ वॅटचा, १८० रुपयांना आणला. "एक गेला की मागोमाग दुसरा जातोच" असं दुकानदार म्हणाला, म्हणून दोन आणले. बचत करायला निघालेला माणूस दुकानातून नेहमी दोन वस्तू घेऊन येतो.

बॉनेट उघडल्यावर कळलं, की ही गाडी ज्याने बनवली त्याला हात नसावेत. हेडलाइटच्या पाठीला बॅटरी चिकटलेली. मध्ये जागा चार बोटांची, तीही लहान मुलाच्या. बॅटरी काढायची तर दहा नंबरचा पाना हवा. आठचा असतो, बाराचा असतो, चौदाचे तर माझ्याकडे तीन आहेत. दहाचा कुणाच्याच घरात सापडत नाही. वडील असते तर त्यांनी पक्कड लावून भागवलं असतं. त्यांच्याकडे एक टेस्टर, एक पक्कड आणि काळी चिकटपट्टी होती, आणि तेवढ्यावर त्यांनी इस्त्रीपासून रेडिओपर्यंत सगळं तीस वर्षं जिवंत ठेवलं. पंखा हळू फिरायला लागला की बुधवार पेठेतून अडीच मायक्रोफॅरॅडचा कंडेन्सर आणायचा, दोन वायरी जोडायच्या, संपलं. आता फोनची बॅटरीसुद्धा डिंकाने डकवलेली असते. काही गाड्यांत बल्ब बदलायला बंपर उतरवावा लागतो, बंपर! सरकारने २०२२ च्या डिसेंबरात 'राइट टू रिपेअर' नावाचं पोर्टल काढलं. अधिकार मिळाला, चांगलंच झालं. हात घालायला जागा कोण देणार?

असो. वॉचमनकडून पाना घेतला, निगेटिव्ह आधी काढली, बॅटरी बाहेर ठेवली, आणि बनियनवर, कोपरापर्यंत काळा होऊन, हेडलाइटमागची रबरी टोपी ओढत असताना मागून आवाज आला.

"अरे, इथलं झालं की बी विंगला ये."

वळून पाहिलं. बी विंगच्या काकू. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांवर तो काळा मोठा चष्मा. मला वाटलं, चेष्टा करतायत. मग लक्षात आलं, की या बाईंनी आयुष्यात चेष्टा केलेली नाही.

खरं सांगायचं तर पहिल्या क्षणी मला बरंच वाटलं. मेकॅनिक! म्हणजे माझ्या हाताच्या हालचालींत काहीतरी दिसलं असणार. त्या मोहात मी म्हणालो, "काय झालंय काकू?"

"काय झालंय म्हणजे? तूच बसवलास ना दिवाळीत? महिन्यात गेला. परवा यांना पोलिसाने थांबवलं."

"मी नाही बसवला."

"तुमच्यातल्याच कुणीतरी बसवला असेल."

आता 'तुमच्यातल्या' म्हणजे कुणातल्या, हे विचारायची हीच वेळ होती. 'मी ए विंग, चारशे दोन, तुमचा मेंटेनन्स दोनदा माझ्या हातून चेकने जमा झालाय' हे सांगायचीही हीच वेळ होती. पण त्याआधी मी "काय झालंय काकू" म्हणून बसलो होतो, आणि आता खरं सांगितलं असतं तर दोघंही लाजेने मेलो असतो. निदान मी तरी.

"बल्बचे १८० होतील," मी म्हणालो.

"कसले? गॅरंटीत आहे तो."

"काकू, बल्बला गॅरंटी नसते."

"मग माणसाला असते का? दाखव बघू, नवा आहे ना?" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातला दुसरा बल्ब घेतला आणि अंगठा व तर्जनीत काच धरून, द्राक्ष दाबून बघावं तसा, दोन-तीनदा फिरवून पाहिला. हॅलोजनच्या काचेला बोट लावायचं नसतं. बोटाचा तेलकटपणा राहतो, तिथे काच जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. मी स्वतः फडक्यात धरून बसवत होतो. काकूंच्या बोटांना तर नुकत्याच तळलेल्या कशाचा तरी वास होता.

त्यांच्या गाडीचा बल्ब पाच मिनिटांत बसला. तिथे बॅटरी उजवीकडे होती, मोकळं अंगण. बसवण्याआधी काच स्पिरिटने पुसायला हवी होती. नाही पुसली. एवढा सूड मला परवडण्यासारखा वाटला.

"आमचा आधीचा मुलगा यापेक्षा पटपट करायचा," म्हणत त्यांनी वीसची नोट पुढे केली. "चहा घे. आणि या वेळी सहा महिन्यांची गॅरंटी हं."

मी "हो" म्हणालो. का म्हणालो, माहीत नाही.

माझ्या स्वतःच्या गाडीत बल्बची क्लिप जरा तिरकी बसलीय. रात्री उजवा दिवा रस्ता दाखवतो आणि डावा झाडावरची घरटी. बॅटरी काढल्यामुळे गाडीचं घड्याळ चुकलंय ते चुकलंयच. सर्व्हिस सेंटरमध्ये जायचं, तर तो टायवाला मुलगा "सर, बाहेर कुणाकडून केलं का?" असं हसत विचारणार.

आणि काकूंचा बल्ब. तो टिकणार नाही, हे या सोसायटीत फक्त मला माहीत आहे. काल नाना पेठेतून आणखी एक आणून ठेवला. आता १९० झालाय.