पुतण्यासोबत 'मित्र' येतो तेव्हा

चतुर्थी तोंडावर आली. चाकरमानी निघतील, आणि तुमचा मुंबईचा पुतण्या यंदाही त्याच 'मित्रा'ला घेऊन कुडाळ स्टेशनावर उतरेल. दोघं बरीच वर्षं एका घरात राहतात, एकमेकांच्या बॅगा न विचारता उचलतात. तुम्हाला सगळं कळलेलं आहे. आता कसोटी एवढीच, की आपल्याला कळलंय हे कुणालाही कळू द्यायचं नाही.

सुरुवात कामापासून करा. तो उंच आहे, त्याला गणपतीच्या वर टांगलेल्या माटीला कवंडळं आणि सुपारीची शिरडं बांधायला चढवा. मग नारळ खवायला बसवा. तुमच्या सख्ख्या जावयाला विळीचं तोंड कुठे असतं तेही ठाऊक नाही, पण तो जावई. त्याला माडीवरची खोली. या दोघांना पडवी, आणि मधोमध घोरणारे भाऊकाका.

शेजारच्या काकी विचारतीलच, "ह्येचां लगीन कधी?" पुतण्याला तोंड उघडायला वेळ देऊ नका. "कामाचो लोड असा," म्हणा. हे उत्तर पन्नाशीपर्यंत पुरतं. त्यापुढे "आता खंय ता" म्हटलं की झालं.

जत्रेत दशावतार बघायला मात्र पुढच्या रांगेत बसा. आपल्याच वाडीतला माणूस नऊवारी नेसून, पदर सावरत आला की "काय देखणी दिसता!" म्हणून बक्षिसाची नोट द्या. घरी आल्यावर पुतण्याच्या कानातली बारीकशी बाळी बघून रात्रभर कूस बदला. (नाटकात साडी नेसणं आणि पुरुषावर जीव जडणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. पण इतक्या बारकाव्यात शिराल तर समज येण्याचा धोका आहे.)

कुणी शहाण्यानं समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या ३७७ कलमाचा विषय काढलाच, तर "ही सगळी पाश्चात्त्यांची थेरं" असं ठणकावून सांगा. कलमच मुळात १८६० साली साहेबानं लिहिलेलं होतं, हे जेवणाच्या पंगतीत कुणाला आठवत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ६ सप्टेंबर २०१८ ला सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून सोडवलं, ती तारीख विसरा. १७ ऑक्टोबर २०२३ मात्र पाठ करा. त्या दिवशी त्याच न्यायालयानं समलिंगी लग्नाला मान्यता द्यायला नकार दिला. तेव्हापासून आपल्यासारख्या उदार माणसांची केवढी सोय झाली! "आमची काय हरकत नाय रे, पण कायदोच नाय मां," असं खांद्यावर हात ठेवून म्हणता येतं.

इलाज सुचवणाराही एखादा भेटेल. डॉक्टरकडे नेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेनं समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० मध्येच काढली, आणि असल्यांना 'बदलण्याचे' उपचार करणं हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवलं. म्हणजे नारळ नि कोंबडा एवढंच उरतं. कोंबड्याचा रस्सा तरी होतो.

पोटातली खरी भीती मात्र ओठावर आणू नका: जमीन. तुमच्या सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची नावं दाटीवाटीनं बसलीत, निम्मे वारले, उरलेले एकमेकांशी कोर्टात भांडतायत. मृत्युपत्र केल्याशिवाय त्या 'मित्रा'चं नाव तिथे लागायचं नाही. मे महिन्यात येऊन कलमांना पाणी घालणारा, कौलं परतायला शिडीवर चढणारा, आणि एका गुंठ्यावरही हक्क न सांगणारा असा तो अख्ख्या घरात एकटाच. अशा माणसापासून सावध राहायलाच हवं. हिस्सा मागत नाही, म्हणजे नक्की काहीतरी मनात असणार.

निघायच्या दिवशी शेवटची परीक्षा. कुळथाची पिठी, कोकमं, उकडे तांदूळ दोन वेगळ्या पिशव्यांत भरा, दोघांना अंतर राखून द्या, म्हणजे दोन पाहुणे दोन घरी चालले असं दिसेल. हे काम घरातल्या म्हाताऱ्या आईवर मुळीच सोपवू नका. ती एकच मोठी पिशवी भरेल, वर तुम्हालाच विचारेल, "दोन पिशये कित्याक? पिठी एकाच डब्यात जातली मां?"