नाक घासल्याने कुत्रं लपायला शिकतं

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक संदेश आला. दोन दिवसांनी तोच नागपूरच्या मावसबहिणीने पाठवला आणि काल मुलाच्या शाळेतल्या पालकांच्या ग्रुपवरही दिसला. मथळा असा: ‘कुत्रा घरात शी-शू करतो? ३ दिवसांत सवय मोडा!’ खाली उपाय दिलेत. जिथे घाण केली तिथे मान धरून नाक घासायचं आणि वर्तमानपत्राच्या सुरळीने दोन फटके द्यायचे. संध्याकाळी सहानंतर पाणी बंद. जागा फिनेलने पुसून तिथे डांबरगोळ्या टाकायच्या. मोठं कुत्रं अचानक घरात करायला लागलं तर ते सूड उगवतंय असं समजायचं आणि एक दिवस उपाशी ठेवायचं. शेवटचं वाक्य: ‘त्याच्या चेहऱ्यावरूनच दिसतं की त्याला आपली चूक कळते.’

ग्रुपवर खाली नुसते अंगठेच अंगठे. मला ते बघवलं नाही, कारण यातला पहिला उपाय मी स्वतः केला आहे आणि त्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे.

आमची चिंगी देशी. दोन महिन्यांची असताना घरी आणली. पहिल्याच आठवड्यात हॉलमध्ये रोज चार-पाच डबकी व्हायची. कुणीतरी सांगितलं म्हणून मी चार दिवस तिचं नाक फरशीला लावलं आणि जोरात ओरडले. सहाव्या दिवशी हॉल कोरडा होता. आम्ही खूश झालो. शनिवारी झाडायला सोफा पुढे ओढला, तर मागे भिंतीला लागून सुकलेली शी आणि पिवळे डाग. दिवाणाखालीही तेच. तिने घरात करणं थांबवलंच नव्हतं, माझ्यासमोर करणं थांबवलं होतं.

खरी पंचाईत पुढे झाली. तिला पट्टा लावून खाली न्यायचे तर ती अर्धा-अर्धा तास माझ्या पायाशी उभी राही, वर बघत. शू करायची नाही. वर आलो, पट्टा काढला की धावत सोफ्यामागे. कारण पट्ट्याचं दुसरं टोक माझ्याच हातात होतं, आणि माझ्यासमोर शू केली की शिक्षा होते हे ती पक्कं शिकली होती. शिकवलं मीच होतं. ती गाठ सोडवायला मला तीन आठवडे लागले.

असं का होतं ते समजून घ्यायला हवं. आपल्या डोक्यात असतं, ‘फरशीवर शू केलीस, म्हणून ही शिक्षा.’ कुत्र्याला एखाद्या कृतीचा आणि तिच्या फळाचा संबंध लागतो तो दोघांमध्ये सेकंद-दोन सेकंदांचं अंतर असेल तर. आपण ऑफिसातून येऊन दोन तासांपूर्वीच्या डबक्यावर नाक घासतो, तेव्हा त्याला कळतं ते एवढंच की डबकं आणि माणूस एका ठिकाणी आले की अंगावर संकट येतं. ऐन शू करताना पकडून मारलं तर कळतं की माणसासमोर करायची नाही. माती कुठे आहे, तिथे कधी जायचं, हे त्या माराने कुठूनही कळत नाही. आणि प्राण्याला मारहाण करणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार गुन्हा आहे, मग कुत्रं आपल्या मालकीचं का असेना.

आता त्या चेहऱ्याबद्दल. कान मागे, शेपूट पायांत, नजर चुकवलेली, पोटावर सरपटत जाणं. ‘बघ, चोराच्या मनात चांदणं’ असं आपण लगेच म्हणतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी २००९ मध्ये नेमकं हेच तपासलं. चौदा पाळीव कुत्री घेतली. मालकाने खाऊकडे बोट दाखवून ‘खायचं नाही’ म्हणून सांगायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आल्यावर कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही हे मालकाला कधी खरं सांगितलं, कधी खोटं. तो ‘अपराधी’ चेहरा खाऊ खाण्या-न खाण्यावर अवलंबून नव्हता, मालक रागावला की नाही यावर होता. उलट ज्या कुत्र्यांनी खाऊला तोंडही लावलं नव्हतं, ती रागावल्यावर जास्त केविलवाणी दिसली.

हे वाचायच्या आधी मी ते घरात पाहिलं होतं. एकदा फ्रिजजवळ पाणी दिसलं, मी ‘चिंगे!’ म्हणून ओरडले आणि ती लगेच कान पाडून जमिनीला चिकटली, डोळे मिचकावत, ओठ चाटत. पुसायला वाकले तेव्हा वास आला दुधाचा. पिशवीला भोक पडलं होतं. तिचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. ती घाबरली होती ती माझ्या आवाजाला.

पाणी बंद करण्याचा सल्ला तर आपल्याकडच्या एप्रिल-मेमध्ये धोक्याचा आहे. निरोगी कुत्र्याला दिवसाला किलोमागे साधारण ५० ते ६० मिलीलीटर पाणी लागतं, म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याला अर्धा लीटर किंवा थोडं जास्त. उन्हाळ्यात त्याहून अधिक. पाणी कमी पडलं की लघवी दाट होते, आणि ज्या कुत्र्याला मूतखड्याचा किंवा संसर्गाचा त्रास आहे त्याचा त्रास वाढतो. शिवाय तहानलेलं पिल्लू सकाळी वाटी दिसली की सगळी एका दमात पितं आणि मग अर्ध्या तासात घरभर तळं होतं. पाण्याची वाटी भरलेलीच ठेवावी. बदलायचं आहे ते आपलं घड्याळ.

फिनेलबद्दल थोडक्यात. आपल्या नाकाला फिनेलचा वास आला की आपल्याला जागा स्वच्छ वाटते. कुत्र्याचं नाक त्या वासाखालचा लघवीचा वासही ओळखतं आणि तो वास म्हणजे त्याच्यासाठी पाटी असते: ‘इथे करायची.’ काळ्या फिनेलमधली फिनॉल जातीची रसायनं ओल्या फरशीवरून पंजांना लागतात, पंजे चाटले की पोटात जातात. घरात मांजर असेल तर धोका आणखी मोठा. पाळीव प्राण्यांसाठीचा एन्झाइमवाला क्लीनर ऑनलाइन आणि प्राण्यांच्या दुकानात मिळतो. तो लघवीतली वास देणारी द्रव्यंच मोडतो. आधी जुन्या फडक्याने सगळी ओल टिपून घ्या, मग तो ओता आणि बाटलीवर लिहिलं असेल तितका वेळ तसाच राहू द्या, लगेच पुसू नका. फरशीच्या सांध्यांत आणि सोफ्याच्या कापडात ओल मुरलेली असते, तिथे दोन-तीनदा करावं लागतं.

आणि डांबरगोळ्या कृपा करून टाकू नका. त्या नॅफ्थलीनच्या असतात. पिल्लू दिसेल ते तोंडात घालतं. एखादी गोळी गिळली तर उलट्या होतात, रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, जीवही जाऊ शकतो. संदेशात बाकी काहीही राहू द्या, पण पुढे पाठवताना ही ओळ तरी पुसा.

‘सूड’ या मुद्द्यावर मात्र मला थांबायचं आहे, कारण त्यापायी एक कुत्री मरता मरता वाचलेली मी पाहिली आहे. मावशीकडे सात वर्षांची पॉमेरियन. सात वर्षांत कधी घर खराब केलं नाही, आणि अचानक स्वयंपाकघरात, गादीवर, दारात शू करायला लागली. त्याच सुमारास घरात नवी सून आली होती. सगळ्यांनी एकमताने ठरवलं की नव्या माणसाचा राग काढतेय. दोन दिवस बाल्कनीत बांधून ठेवली. तिसऱ्या दिवशी जेवणाकडे बघेना. डॉक्टरांनी पोटाला हात लावला, सोनोग्राफी केली: गर्भाशयात पू झालेला. तिची नसबंदी झालेली नव्हती आणि महिन्याभरापूर्वी ती माजावर येऊन गेली होती. हा आजार बहुतेकदा अशा कुत्र्यांना माजानंतरच्या काही आठवड्यांत होतो, आणि त्यात तहान वाढते, लघवी वाढते. त्याच रात्री ऑपरेशन झालं. ती वाचली. मावशी अजूनही त्या बाल्कनीचा विषय निघाला की गप्प होते.

शिकलेलं, मोठं कुत्रं एकाएकी घरात करू लागलं तर पहिला फोन डॉक्टरांना. मूत्रमार्गाचा संसर्ग, मूतखडा, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार, स्टिरॉइडची औषधं, म्हातारपणातलं विस्मरण, यातलं काहीही असू शकतं. नसबंदी झालेल्या काही माद्यांची लघवी झोपेत नकळत गळते, त्यावर चांगली औषधं आहेत. घरी एक गोष्ट सहज करता येते: चोवीस तासांत किती पाणी भरलं आणि किती उरलं ते मोजा. किलोमागे १०० मिलीलीटरच्या वर जात असेल, म्हणजे दहा किलोचं कुत्रं लीटरभराहून जास्त पीत असेल, तर त्या आकड्यासकट डॉक्टरांकडे जा. उपाशी ठेवण्याची तर बातच नको. मधुमेह असून इन्सुलिन चालू असलेलं कुत्रं उपाशी ठेवलं तर त्याची साखर जीवघेणी खाली येऊ शकते.

पाहुणे आले की लोळण घेऊन थेंब थेंब सोडणारं पिल्लू, फटाक्यांत कपाटाआड शू करणारं कुत्रं, वयात आल्यावर पाय वर करून सोफ्याच्या कडेला चार थेंब उडवणारा नर, ही तीन वेगळी कारणं आहेत. पहिली दोन भीतीची आणि दबण्याची. तिथे ओरडलं की वाढतं. तिसरं खूण करण्याचं, ते पुष्कळ नरांमध्ये नसबंदीने कमी होतं.

मग करायचं काय? दोन महिन्यांचं पिल्लू जागेपणी फार तर दोन तास धरू शकतं. महिन्यामागे साधारण एक तास, असा ढोबळ हिशेब. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर दहा-वीस मिनिटांत, खेळता खेळता मध्येच, या वेळा ठरलेल्या असतात. खेळणं सोडून ते अचानक नाक जमिनीला लावून गोल फिरायला लागलं की हातातलं काम टाकून उचलायचं. आम्ही पाचव्या मजल्यावर राहतो. लिफ्ट वर यायला लागणारा वेळ चिंगीकडे नसायचा, दोनदा लिफ्टमध्येच झालं. तेव्हापासून उठल्या उठल्या मी तिला कडेवर घेऊन जिन्याने उतरायचे. कडेवर असताना पिल्लं सहसा सोडत नाहीत.

लसी पूर्ण होईपर्यंत पार्व्होच्या, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या एका जीवघेण्या विषाणूच्या, भीतीने डॉक्टरांनी रस्त्यावर न्यायला मनाई केली होती. तेव्हा बाल्कनीत एक घमेलं ठेवलं, नर्सरीतून माती आणून भरली. साधारण दोन महिन्यांच्या वयात पिल्लाच्या पायाला जी जमीन सवयीची होते ती त्याला ‘इथे करायची’ वाटते. म्हणून मी कागद पसरले नाहीत. आमचा मुलगा जमिनीवर कागद पसरून चित्रं काढतो, आणि कागदावर शिकलेल्या पिल्लाला चित्राचा कागद आणि रद्दी यातला फरक कोण सांगणार? घमेल्यातली ओली माती पुढे मूठभर खाली नेऊन बागेच्या कोपऱ्यात टाकली. वास ओळखीचा, जागा नवी. तिथे तिने शू केली की संपता क्षणी, वर येईपर्यंत न थांबता, खिशातून उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा. घरात चालू असताना दिसली तर ‘अगं चल चल’ म्हणत उचलायचं आणि खाली न्यायचं. नंतर दिसलं तर न बोलता पुसायचं. रात्री अकराला एकदा, पहाटे साडेपाचला एकदा. पावसाळ्यात ती ओल्या गवतात पाय टाकेना, तेव्हा जिन्याखालच्या कोरड्या मातीत उभी राहायचे, छत्री घेऊन, पंधरा-पंधरा मिनिटं.

हे कष्टाचं आहे, दोघंही नोकरी करत असाल तर फारच. दुपारी एकदा येऊन जाणारं माणूस लागतं, शेजारची आजी असो की पगारी मुलगा. पण कष्टाचं आहे म्हणून पिल्लाची मान धरायची, हे मला पटत नाही.

राहिले ते ‘३ दिवस’. आमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दुधाच्या हिशेबाशेजारी मी रोज घरात झालेल्या शूची संख्या लाल पेनाने लिहायचे. पहिल्या आठवड्यात चार, पाच, चार, पाच. नाक घासलं त्या चार दिवसांनंतर एक, शून्य, शून्य, आणि सोफा ओढला त्या शनिवारी मी ते तिन्ही आकडे खोडलेत. तिसऱ्या महिन्यात आठवड्याला एखाददुसरा आकडा. शेवटचा लाल आकडा चिंगी पाच महिन्यांची असताना, पाहुण्यांच्या गडबडीत तिला सकाळी खाली न्यायला मला एक तास उशीर झाला त्या रविवारचा आहे.